विश्लेषण : ३१ हजार ६२८ कोटींच्या पॅकेजमधून शेतकऱ्याच्या हाती नेमके काय पडते?

सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाडा, सोलापूर आणि अहिल्यानगरच्या शिवारांतला खरीप धुऊन नेला. त्यानंतर ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. राज्याच्या इतिहासातील सर्वांत मोठी मदत, असे सरकार म्हणते. ‘आमच्या खात्यात तर काही हजारच आले’, असे बांधावरचा शेतकरी म्हणतो. दोघेही आपापल्या जागी खोटे बोलत नाहीत. फरक आहे तो या आकड्याच्या पोटात काय काय दडले आहे, यात. पॅकेज नेमके कशाचे, निकष कोणाचे, पैसा कोणत्या खिशातून येतो आणि तो कुठे अडतो, याचा हा वेध.

नुकसान किती?

यंदाच्या खरिपात राज्यात सुमारे १ कोटी ४३ लाख हेक्टरवर पेरणी झाली. त्यापैकी साधारण ६८ लाख ६९ हजार हेक्टरवरील पिकांचे नुकसान झाल्याचे सरकारने पॅकेज जाहीर करताना सांगितले. म्हणजे पेरलेल्या क्षेत्रापैकी जवळपास निम्मे. मदतीच्या कक्षेत २९ जिल्ह्यांतील २५३ तालुके आले. बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले, कपाशीची बोंडे सडली. सीना नदीच्या पुराने परंडा, करमाळा, माढा, मोहोळ या पट्ट्यात पिकाबरोबर मातीही नेली.

हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. पीक गेले तर एक हंगाम जातो. माती गेली तर पुढची अनेक वर्षे जातात. या दोन नुकसानींची मदत वेगळी, तिचे नियम वेगळे आणि ती मिळण्याचा वेगही वेगळा. त्याकडे पुढे येऊ.

हेक्टरी ४६ हजार की साडेअठरा हजार?

३१ हजार ६२८ कोटींना बाधित क्षेत्राने भागले तर हेक्टरी साधारण ४६ हजार रुपये येतात. घोषणा ऐकणाऱ्याच्या मनात नकळत हेच गणित होते. प्रत्यक्षात कोरडवाहू शेतकऱ्याला पिकासाठी सरकारकडून जे थेट मिळायचे आहे ते हेक्टरी १८ हजार ५०० रुपये. त्यातले ८ हजार ५०० हे आपत्ती प्रतिसाद निधीच्या ठरलेल्या निकषाचे आणि १० हजार रब्बीच्या बियाणे व इतर खर्चासाठी राज्याने वरून दिलेले. बागायतीसाठी हीच रक्कम १७ हजार अधिक १० हजार, म्हणजे २७ हजार. बहुवार्षिक पिकांसाठी, म्हणजे प्रामुख्याने फळबागांसाठी, २२ हजार ५०० अधिक १० हजार, म्हणजे ३२ हजार ५००. मर्यादा दोन हेक्टरांची होती, ती तीन हेक्टर करण्यात आली.

उरलेला पैसा कुठे आहे? त्यातले १० हजार कोटी वाहून गेलेले रस्ते, पूल, वीज यंत्रणा, पाणीपुरवठा अशा पायाभूत सुविधांसाठी आहेत. हा खर्च आवश्यकच आहे, पण तो शेतकऱ्याच्या खात्यात जात नाही. पीक विम्यातून मिळू शकणारी रक्कम हाही पॅकेजच्या हिशेबातील मोठा भाग आहे. विमाधारकांना हेक्टरी १७ हजार रुपये मिळतील, असे सरकारने धरले आणि त्याच आधारे कोरडवाहूला हेक्टरी ३५ हजारांहून अधिक, बागायतीला ५० हजारांहून अधिक मदत होईल, असे सांगितले गेले. याशिवाय खरडून गेलेल्या जमिनी, विहिरी, घरे, दुकाने, जनावरे यांची मदत आहेच.

म्हणजे पॅकेज हा एक आकडा नाही. ती निरनिराळ्या खिशांची बेरीज आहे. काही खिसे भरलेले, काही भरायचे आणि एक खिसा तर सरकारचा नव्हेच, विमा कंपनीचा.

‘भरपाई’ हा शब्द चुकीचा का?

गावात, विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांतही ‘नुकसानभरपाई’ हा शब्द सर्रास वापरला जातो. केंद्राच्या निकषांत तो नाही. तिथे आहे ‘निविष्ठा अनुदान’. बियाणे, खत, औषध अशा निविष्ठांवर पुढच्या हंगामात करायच्या खर्चाला हातभार, एवढाच त्याचा अर्थ. गेलेल्या पिकाचे मोल भरून देणे हा या निधीचा हेतूच नाही. त्यासाठी पीक विमा आहे, अशी यामागची रचना आहे.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. धाराशिव जिल्ह्यातील तीन एकरांचा, म्हणजे सुमारे १.२ हेक्टरचा, कोरडवाहू सोयाबीन उत्पादक घ्या. निकषानुसार त्याला १० हजार २०० रुपये आणि रब्बीचे १२ हजार असे २२ हजार २०० मिळतील. एकरी हिशेब केला तर मूळ मदत ३ हजार ४०० रुपये आणि रब्बीची भर धरून ७ हजार ४००. आता खर्च पाहा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५ हजार ३२८ रुपये आहे. तो ठरवताना केंद्राने देशपातळीवरचा उत्पादन खर्च, घरच्या मजुरीसह, क्विंटलला ३ हजार ५५२ रुपये धरला. हेक्टरी १२ क्विंटलचे उत्पादन गृहीत धरले तर खर्च साडेबेचाळीस हजारांच्या वर जातो. यंत्रणेने स्वतः मान्य केलेल्या या खर्चाच्या तुलनेत ८ हजार ५०० म्हणजे पाचवा हिस्सा. रब्बीचे १० हजार मिळवले तरी निम्म्याच्या आतच. त्यात स्वतःच्या जमिनीचे भाडे, स्थिर भांडवलावरचे व्याज आलेले नाही आणि शेतकऱ्याच्या हातून गेलेला नफा तर नाहीच.

दर तरी वाढतात का?

वाढतात, पण कासवगतीने. २०१५ च्या केंद्रीय निकषांत कोरडवाहूचा दर ६ हजार ८०० होता. २०२२ मध्ये तो ८ हजार ५०० झाला आणि तोच मार्च २०२६ पर्यंतसाठी ठरवण्यात आला. याच काळात सोयाबीनचा हमीभाव २ हजार ६०० वरून ५ हजार ३२८ वर गेला, म्हणजे दुप्पट. मदतीचा दर पाव पटीनेच वाढला. डिझेल आणि मजुरीच्या वाढलेल्या दरांचा अनुभव तर ज्याचा त्याला आहेच.

महाराष्ट्राने या बाबतीत आणखी एक गंमत केली आहे, तिला गंमत म्हणता येत असेल तर. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याने जुन्या दरांच्या दुप्पट, म्हणजे कोरडवाहूला १३ हजार ६००, बागायतीला २७ हजार आणि बहुवार्षिक पिकांना ३६ हजार, तेही तीन हेक्टरांपर्यंत देण्याचे ठरवले. मार्च २०२३ मध्ये केंद्राचे नवे दर स्वीकारून ८ हजार ५०० आणि दोन हेक्टर झाले. नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळीनंतर, १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पुन्हा १३ हजार ६०० आणि तीन हेक्टर. २०२४ हे लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुकांचे वर्ष होते. ते सरले आणि मे २०२५ मध्ये, खरीप सुरू होण्याच्या तोंडावर, गाडी पुन्हा ८ हजार ५०० आणि दोन हेक्टरांवर आली. चार महिन्यांत अतिवृष्टी झाली आणि पॅकेज आले.

एकूण रक्कम पाहिली तर यंदाचे १८ हजार ५०० हे १३ हजार ६०० पेक्षा जास्तच आहेत आणि सरकारचा हा मुद्दा योग्य आहे. मात्र १३ हजार ६०० हा दर होता, पुढच्या आपत्तीतही लागू राहणारा. १० हजारांची भर ही एका वेळची, एका घोषणेपुरती आहे. पुढच्या मार्चमध्ये एखाद्या तालुक्याला गारपिटीने झोडपले तर तिथल्या शेतकऱ्याला ही भर आपोआप मिळणार नाही. आपत्ती मोठी आणि बातमी मोठी असेल तर मदत मोठी, असा हा हिशेब होतो. ज्याचे शेत एकट्याने बुडते, त्याच्यासाठी फक्त निकष उरतो.

मदतीला पात्र कोण?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मधला. त्याखाली राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती प्रतिसाद निधी आहेत. केंद्राने १२ आपत्ती अधिसूचित केल्या आहेत. त्यात पूर, दुष्काळ, गारपीट, चक्रीवादळ, भूकंप, ढगफुटी, कीड, थंडीची लाट वगैरे येतात. अवकाळी पाऊस त्यात नाही. राज्यांना आपल्या निधीतील १० टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तींसाठी वापरता येते. महाराष्ट्राने अवकाळी पाऊस, वीज पडणे यांना तसा दर्जा दिला आणि एप्रिल २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ हीही आपत्ती मानली.

अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस. ही व्याख्या कागदावर सोपी आणि शिवारात अवघड. मंडळात पर्जन्यमापक असतो एक आणि गावे असतात अनेक. मापक ज्या गावात आहे तिथे ५० मिलिमीटर आणि दहा किलोमीटरवरच्या गावात ढगफुटी, असे घडतेच. शिवाय वरच्या धरणातून पाणी सोडल्याने पूर आला तर खालच्या गावात ६५ मिलिमीटर पाऊस पडलेलाच नसतो. यंदा सरकारने ६५ मिलिमीटरची अट बाजूला ठेवली. जायकवाडीखालच्या गोदाकाठच्या आणि सीनाकाठच्या गावांना तिचा खरा उपयोग झाला.

दुसरी अट आहे किमान ३३ टक्के नुकसानीची. २०१५ पूर्वी ती ५० टक्के होती. नुकसान किती हे ठरवतो पंचनामा. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी मिळून तो करायचा. एका तलाठ्याकडे दोन-तीन गावे, शेकडो खातेदार, वाफसा नसलेली शेते आणि वरून ‘आठ दिवसांत अहवाल द्या’ असा आदेश. बांधावर न जाता चावडीत बसून केलेल्या पंचनाम्यांच्या तक्रारी दर वेळी येतात, त्या या ओढाताणीतून.

‘ओला दुष्काळ’ का जाहीर होत नाही?

कारण तशी संज्ञा सरकारी नियमपुस्तिकेत नाही. केंद्राची दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६ ची. ती पाऊस कमी पडल्यावर काय करायचे ते सांगते. पाऊस जास्त झाल्याने आलेल्या टंचाईसाठी तिच्यात कलम नाही. विरोधकांनी मागणी लावून धरल्यावर सरकारने मधला मार्ग काढला : ‘ओला दुष्काळ’ म्हणायचे नाही, पण दुष्काळात मिळतात त्या सवलती द्यायच्या. जमीन महसुलात सूट, कर्जाचे पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कमाफी अशा या सवलती आहेत. व्यवहारात शब्दापेक्षा सवलती महत्त्वाच्या. पण शब्द टाळल्याने एक गोष्ट होते : सवलत हा हक्क न राहता त्या त्या वेळचा सरकारी निर्णय राहतो.

विम्याचे १७ हजार नक्की मिळणार?

इथे सर्वाधिक सावध राहायला हवे. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा होता. बोगस अर्जांची प्रकरणे गाजल्यानंतर २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. शेतकऱ्याचा हिस्सा पूर्ववत खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के झाला.

त्याहून मोठा बदल फारसा चर्चेत आला नाही. पूर्वी पेरणी न होणे, हंगामाच्या मध्यातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान या चार कारणांसाठीही भरपाई मिळण्याची सोय होती. शेतात पाणी शिरले की ७२ तासांत कंपनीला कळवायचे, ही धावपळ त्यातल्या स्थानिक आपत्तीसाठी असे. राज्याने या चारही बाबी यंदा वगळल्या. उरला एकच आधार : पीक कापणी प्रयोग.

तो असा चालतो. मंडळातील मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून आणि जोखीम स्तरावरून ‘उंबरठा उत्पादन’ ठरते. यंदाचे उत्पादन त्याहून जितके कमी, तितक्या टक्के भरपाई. समजा उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आणि विमा संरक्षित रक्कम ५० हजार आहे. मंडळाचे उत्पादन चार क्विंटल निघाले तर तूट ६० टक्के आणि भरपाई ३० हजार. साडेआठ क्विंटल निघाले तर साडेसात हजार. दहा क्विंटलच निघाले तर शून्य. या उदाहरणात १७ हजार रुपये हाती येण्यासाठी मंडळाचे उत्पादन उंबरठ्यापेक्षा ३४ टक्क्यांनी खाली यावे लागेल.

मेख मंडळाच्या सरासरीत आहे. नदीकाठच्या शेतकऱ्याचे सर्व गेले आणि माळावरच्याला निम्मे पीक आले, तर दोघांना एकच टक्केवारी लागू होते. माळावरच्याला थोडे जास्त मिळते, नदीकाठचा मरतो. पूर्वीची स्थानिक आपत्तीची तरतूद नेमकी या नदीकाठच्या माणसासाठी होती. विमा स्वस्त आणि सुटसुटीत करताना ती गेली. शिवाय कापणी प्रयोग, त्यांची आकडेवारी, कंपनीचे आक्षेप, राज्य आणि केंद्राच्या हिश्शाचे हप्ते असा प्रवास संपायला पुढचे वर्ष उजाडते. रब्बीच्या पेरणीला हा पैसा उपयोगी पडणार नाही. म्हणूनच विम्याची अपेक्षित रक्कम तातडीच्या मदतीच्या बेरजेत धरणे, हे कितीही सद्हेतूने केले असले तरी दिशाभूल करणारे आहे. ज्यांनी यंदा विमाच उतरवला नाही, त्यांच्या बाबतीत तर हा रकाना कोराच.

माती गेली त्यांचे काय?

खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून हेक्टरी ३ लाखांपर्यंत, अशी तरतूद आहे. ४७ हजार हा केंद्राच्या निकषातला आकडा. ३ लाख हा पॅकेजमधला लक्षवेधी आकडा. तो खात्यात जमा होणारा पैसा नाही. रोजगार हमीत काम मंजूर व्हावे लागते, अंदाजपत्रक बनते, मजुरांचे हजेरीपत्रक निघते, मोजमाप होते, मग देयक निघते. शेतावर गाळाची माती आणून पसरवणे हे बहुतांशी जेसीबी आणि टिपरचे काम, तर रोहयोचा भर अकुशल मजुरीवर. या दोन गोष्टी कशा जुळवायच्या, हा प्रश्न प्रत्येक गटविकास अधिकाऱ्यासमोर आहे. चांगली माती आणायची कुठून, हा त्याहून मोठा प्रश्न. तलावातला गाळ पाणी आटल्यावरच, म्हणजे उन्हाळ्यात, काढता येतो. तेव्हा या शेतांची रब्बी बुडालीच, आणि मेपर्यंत काम झाले नाही तर पुढचा खरीपही जाईल.

खचलेल्या विहिरीसाठी ३० हजार रुपये ठरले आहेत. गाळ काढण्याचा खर्च कदाचित त्यात निघेल, पडलेले बांधकाम उभे राहणार नाही. दुधाळ जनावरासाठी ३७ हजार ५००, ओढकाम करणाऱ्यासाठी ३२ हजार आणि कोंबडीला १०० रुपये आहेत. किती जनावरांपर्यंत मदत द्यायची ही मर्यादा यंदा काढली, हे चांगले झाले. मराठवाड्यात शेतीला जोड म्हणून दहा-बारा जनावरांचे गोठे उभे राहिले आहेत आणि तीन जनावरांची जुनी अट त्यांना लागूच पडत नव्हती.

पैसा खात्यात येताना कुठे अडतो?

पंचनाम्यानंतर यादी तयार होते, तहसीलमधून संगणकावर चढते, प्रत्येक लाभार्थ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो. मग ई-केवायसी, मग थेट हस्तांतरण. ज्यांच्याकडे ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आहे त्यांना यंदा ई-केवायसीतून सूट देण्यात आली. बाकीच्यांना आपले सरकार केंद्रावर आधार घेऊन जावे लागते.

अडचणी ठरलेल्या आहेत. सातबारा आजोबांच्या नावावर, आजोबा दहा वर्षांपूर्वी वारले, वारस नोंद झालेली नाही. अशा खात्यावर पैसा थांबतो. सामाईक खात्यात चार भाऊ, एक पुण्यात, एकाशी बोलणे नाही. इतरांचे संमतिपत्र नसेल तर पैसा थांबतो. बटाईने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, त्यामुळे खर्च त्याचा, नुकसान त्याचे आणि मदत मालकाच्या खात्यात. मालक चांगला असेल तर देतो. विहिरीची नोंद नसल्याने बागायती शेत कोरडवाहू धरले जाते आणि दर निम्म्यावर येतो.

एक बारीक गोष्ट अनेकांना माहीत नसते. थेट हस्तांतरणाचा पैसा पासबुकाची झेरॉक्स दिलेल्या खात्यात जातोच असे नाही. तो आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. मधल्या काळात एखाद्या योजनेसाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडून आधार जोडले असेल तर रक्कम तिथे पडलेली असते आणि माणूस जिल्हा बँकेच्या शाखेत रोज चकरा मारत असतो. तलाठ्याला जाब विचारण्याआधी आपले आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे, हे तपासून घेतलेले बरे.

मदतीच्या रकमेतून बँकांनी कर्जवसुली करू नये, असे शासन निर्णयात दर वेळी लिहिलेले असते. तरीही खाते ‘होल्ड’वर टाकल्याच्या तक्रारी येतात. अशा वेळी तो शासन निर्णय हातात घेऊन शाखा व्यवस्थापकाकडे आणि तिथे दाद लागली नाही तर तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते.

केंद्राने काय दिले?

ऑक्टोबरमध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी महाराष्ट्राला १ हजार ५६६ कोटी ४० लाख आणि कर्नाटकला ३८४ कोटी ४० लाख रुपये देण्यास मंजुरी दिली. ही विशेष मदत असल्याचा समज पसरला. ती तशी नव्हती. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के वाटा असतो. वित्त आयोगाने तो आधीच ठरवून दिलेला असतो आणि केंद्र आपला वाटा दोन हप्त्यांत देते. ऑक्टोबरची रक्कम म्हणजे त्यातला दुसरा हप्ता. तो द्यायचाच होता.

खरी जादा मदत राष्ट्रीय निधीतून येते आणि तिची वाट लांब आहे. राज्याने सविस्तर निवेदन पाठवायचे, केंद्रीय पथकाने पाहणी करायची, अहवाल उपसमितीकडे आणि तिथून गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीकडे जायचा. राज्याच्या निधीत वर्षारंभी जी शिल्लक असेल तिचा निम्मा भाग मंजूर रकमेतून वजा होतो. आणि ही मदत निकषांच्या दरानेच, म्हणजे ८ हजार ५०० च्या हिशेबाने मोजली जाते. राज्याने वरून जाहीर केलेले १० हजार, तिसऱ्या हेक्टरची रक्कम असा सर्व वाढीव भार राज्याच्याच तिजोरीवर राहतो. फक्त ८ हजार ५०० च्या दराने ६८.६९ लाख हेक्टरांचा हिशेब केला तरी तो ५ हजार ८०० कोटींच्या वर जातो. रब्बीची भर धरली तर १२ हजार ७०० कोटी. लाडकी बहीण, वीज सवलत आणि रस्त्यांची कंत्राटे यांनी ताणलेल्या अर्थसंकल्पातून हा पैसा काढायचा आहे. तो टप्प्याटप्प्याने, वेगवेगळ्या शासन निर्णयांनी सुटतो, त्यामागचे कारण हेच.

कर्जाचे काय?

मदतीच्या चर्चेत सर्वांत कमी समजून घेतला गेलेला शब्द म्हणजे पुनर्गठन. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पीक नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर पीक कर्ज फेडण्यास दोन वर्षांपर्यंत, आणि ५० टक्क्यांहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. पहिले वर्ष हप्ता नाही. पुनर्गठन झाले की खाते नियमित राहते आणि रब्बीसाठी नवे कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा होतो.

मात्र पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे. वेळेत फेडल्यास तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज राज्यात बिनव्याजी पडते. पुनर्गठित कर्जावर केंद्राची दीड टक्के व्याज सवलत पहिल्या वर्षापुरती असते, दुसऱ्या वर्षापासून नेहमीचे व्याज सुरू होते. शिवाय आपत्ती येण्याआधीच जे खाते थकीत होते त्याला पुनर्गठन मिळत नाही. आणि मराठवाड्यात गेल्या दोन-तीन वर्षांपासून कर्जमाफीच्या आशेवर हप्ता न भरलेल्यांची संख्या मोठी आहे. ज्यांना नव्या कर्जाची सर्वाधिक गरज, तेच बँकेच्या दारात अपात्र. त्यांच्यासाठी उरतो गावातला सावकार किंवा कृषी सेवा केंद्राची उधारी. तिचे व्याज कुठल्याच फलकावर लिहिलेले नसते.

ऑक्टोबरच्या अखेरीस नागपुरात बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनानंतर सरकारने ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे जाहीर केले आणि मुख्यमंत्र्यांचे आर्थिक सल्लागार प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. यातून शेतकऱ्यासमोर नवा पेच उभा राहतो. २०१९ च्या कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतचे थकीत कर्ज माफ झाले आणि नियमित फेडणाऱ्यांना प्रोत्साहनपर ५० हजारांपर्यंत मिळाले. तो अनुभव ताजा असलेला माणूस आता पुनर्गठनाच्या कागदावर सही करायला कचरतो. सही केली, खाते नियमित झाले आणि जूनमध्ये माफी फक्त थकीत खात्यांना मिळाली तर? सही केली नाही तर मात्र रब्बीला आणि येत्या खरिपाला बँकेचा पैसा नाही. पुनर्गठित खात्यांचा माफीच्या वेळी विचार होईल की नाही, एवढे एक वाक्य सरकारने आताच स्पष्ट केले, तर बँकेच्या पायरीवर थांबलेल्या अनेकांचा निर्णय सोपा होईल. समितीच्या अहवालाची वाट पाहण्याची त्यासाठी गरज नाही. हरभऱ्याची पेरणी नोव्हेंबरमध्ये संपते.